विभाजक मोजायचे की त्यांची बेरीज करायची?

१२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. मोजले तर ६, बेरीज केली तर २८. या दोन वाटांनी विक्रमी संख्यांच्या दोन वेगळ्या मालिका तयार होतात.

पहिल्या मालिकेत आधीच्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या येतात. रामानुजन यांनी १९१५ मध्ये ‘हायली कंपोझिट’ नावाने त्यांचा सखोल अभ्यास मांडला. दुसऱ्या मालिकेत विभाजकांच्या बेरजेला त्याच संख्येने भागायचं आणि त्या गुणोत्तराचे विक्रम नोंदवायचे. या ‘सुपरअबंडंट’ संख्या. नुसत्या बेरजेचा विक्रम मोठ्या संख्येला सहज मिळतो, म्हणून हा भागाकार लागतोच.

गंमत अशी की १, २, ४, ६, १२, २४ पासून ५०४० पर्यंत दोन्ही मालिकांची पहिली १९ पदं अगदी सारखी. फाटा फुटतो तो ७५६० ला. ५०४० चे विभाजक ६०, ७५६० चे ६४. म्हणजे मोजणीत विक्रम झाला. पण बेरजा बघा: १९३४४ ला ५०४० ने भागल्यावर ३.८३८ येतात, २८८०० ला ७५६० ने भागल्यावर ३.८१०. विक्रम हुकला! ७५६० मध्ये ३ चा घात वाढलाय, २ चा घटलाय. गुणोत्तराला ते मानवत नाही.

शाळकरी मुलांना मी मोजणीच देईन, वहीत लगेच करून बघता येते. मला स्वतःला मात्र बेरीज जास्त खेचते. १९८४ मध्ये फ्रेंच गणिती गी रॉबिन यांनी दाखवलं की ५०४० च्या पुढे हे गुणोत्तर संख्येबरोबर हळूहळू वाढणाऱ्या एका ठरावीक मर्यादेच्या आत राहणं आणि रीमान गृहीतक (अविभाज्य संख्यांच्या विखुरणीशी जोडलेला, अजून न सुटलेला प्रश्न) खरं असणं, ही दोन विधानं समतुल्य आहेत.