पावसाळ्यातलं छोटं पेव्हिंगचं काम आणि अडकवलेला शेवटचा हप्ता

मृग लागला की कोल्हापुरात लँडस्केपवाल्यांची फरशी-ब्लॉकची कामं थंडावतात. झाडं लावायचं काम असतं, पण त्यात सगळी माणसं लागत नाहीत. ब्लॉक बसवणारे दोन मिस्त्री आणि चार बिगारी हाताशी टिकवायचे, तर रविवारच्या बाजाराआधी त्यांच्या हातात पैसे पडावेच लागतात. फसवणुकीचा फोन येतो तो नेमका याच दिवसांत. समोरचा स्वतःला साइट इंजिनिअर म्हणवतो किंवा गार्डन कन्सल्टंट. रुईकर कॉलनीत नाहीतर आर. के. नगरला बंगल्याचं पार्किंग आणि बागेतली वाट, पाच-सहाशे चौरस फूट, मटेरियल त्याचं, मजुरी आपली. आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "दादा, ह्यो दर आत्ता घ्या, दिवाळीनंतर मोठं रिसॉर्टचं काम हाय, तुमच्याशिवाय कुणाला देत न्हाई."

या फसवणुकीत पैसे घेऊन पळून जाणारा कुणी नसतो, म्हणून ती लवकर ओळखू येत नाही. उचल वेळेवर मिळते, मधला हप्ताही मिळतो. बुडतो तो शेवटचा हप्ता. समजा ६०० चौरस फूट, ३० रुपये दराने १८,००० रुपयांची मजुरी ठरली. ५,००० उचल, मुरूम बसल्यावर ६,००० आणि काम संपल्यावर ७,०००. माणसांचे पगार, डिझेल आणि कॉम्पॅक्टरचं (मुरूम दाबायच्या यंत्राचं) भाडं मिळून १३,००० जातात. हातात आलेले असतात ११,०००. म्हणजे शेवटचे ७,००० अडकले की नफा तर गेलाच, वर २,००० खिशातले गेले. रक्कम एवढी लहान असते की कुणी वकिलाकडे जात नाही. समोरच्याचा सगळा हिशेब यावरच बेतलेला असतो, आणि एका पावसाळ्यात तो अशी चार-पाच पथकं फिरवतो.

पहिला खड्डा दरातच असतो. "चौरस फुटाला सगळं धरून" हे शब्द ऐकले की तिथंच थांबावं. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, त्याखाली ३० ते ४० मिलिमीटर क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि त्याखाली दाबून १५० मिलिमीटर मुरूम, असं साधारण १० इंच खोदावं लागतं. ६०० चौरस फुटांवर १० इंच म्हणजे ५०० घनफूट, ५ ब्रास माती (१०० घनफूट म्हणजे १ ब्रास). काळी माती खणल्यावर फुगते, त्यामुळे उचलायला साडेसहा ब्रासच्या आसपास भरते, म्हणजे ट्रॅक्टरच्या सहा-सात ट्रॉल्या. ही माती कुणी उचलायची, कुठं टाकायची, हे फोनवर कधीच निघत नाही. चौथ्या दिवशी कळतं की ते "सगळं धरून"मध्ये होतं. ब्लॉक बसवणं चौरस फुटावर, कर्ब स्टोन (कडेचे दगड) रनिंग फुटावर म्हणजे लांबीवर, खुदाई आणि माती-वाहतूक ब्रासवर, कटिंग (ब्लॉक कापणं) वेगळं, अशी चार ओळींत मजुरी लिहून पाठवायला पाच मिनिटं लागतात. ज्याला बुडवायचं असतं तो या चार ओळींवरच चिडतो.

दुसरी खेळी चलनावरची, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पावतीवरची. ब्लॉक त्याचे, गाडी त्याची, पण उतरवून घेताना सही आपल्या मिस्त्रीची. २०० बाय १०० मिलिमीटरचा सरळ ब्लॉक चौरस मीटरला ५० बसतो. ६०० चौरस फूट म्हणजे पावणेछप्पन्न चौरस मीटर, म्हणजे सुमारे २,७९० ब्लॉक. पाच टक्के तूट धरली तर २,९३० लागतात. चलनावर ३,००० लिहिलेले असतात आणि गाडीत निघतात २,७००. पावसात गाडी घाईनं रिकामी होते, कुणी मोजत नाही. शेवटी ब्लॉक कमी पडतात आणि "तीनशे ब्लॉक तुमच्या पोरांनी फोडले नाहीतर विकले" म्हणून तेवढी किंमत मजुरीतून वजा होते. मोजणी अवघड नाही. थप्पी लावताना लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती थर, एवढा गुणाकार करायचा आणि चलनावर सहीच्या वर आपल्या हातानं लिहायचं: "मोजून मिळाले २,७००". गाडीवाला थांबत नसेल तर "न मोजता घेतले" एवढं तरी लिहावं. याच वेळी चार-पाच ब्लॉक शेजारी शेजारी उभे करून जाडी बघावी. दोन वेगळ्या लॉटचे उरलेले ब्लॉक एकत्र पाठवले असतील तर जाडीत फरक दिसतो. मग कितीही लेव्हल लावा, ब्लॉकच्या कडा वरखाली राहतात आणि दोष बसवणाऱ्याच्या हाताला लागतो. जड गाडी येणार त्या पार्किंगला ६० मिलिमीटरचा ब्लॉक आला तर तेही लगेच लिहून कळवावं. भारतीय मानक १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत रहदारीनुसार ब्लॉकची जाडी आणि ग्रेड (काँक्रीटची ताकद) सुचवली होती: पायवाटेला ५० मिलिमीटर एम-३०, हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर एम-३५, मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर एम-४०. बंगल्यातल्या एका कारला ६० चालतो. पण पाण्याचा टँकर किंवा विटांचा ट्रक आत येणार असेल तर ८० च हवा. हे आधी न बोलता बसवलेलं काम पहिल्या टँकरला खचतं.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते खाली झाकल्या जाणाऱ्या थरांत. ६ इंच दाबलेला मुरूम हवा तर सैल मुरूम ४ ब्रासच्या आसपास लागतो, कारण दाबल्यावर तो पाव हिश्श्यानं बसतो. समोरचा ३ ब्रास टाकतो आणि ६ इंच झाले म्हणतो. प्रत्यक्षात दाबून साडेचार इंचच भरतात. नदीच्या अंगाला, शिये-वडणग्याकडं, खाली काळी माती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड (माती आणि मुरूम वेगळे ठेवणारं) न घालता मुरूम टाकला की पहिल्याच मोठ्या पावसात चिखल वर येतो आणि मुरूम खाली जातो. त्यातच मुरूम ओला असेल तर कॉम्पॅक्टर कितीही फिरवा, तो दबत नाही, रबरासारखा हलतो. मुठीत दाबून बघावं: गोळा झाला आणि बोटानं मोडल्यावर दोन तुकडे झाले तर मुरूम कामाचा. बोटांमधून पाणी आलं तर त्या दिवशी प्लेट कॉम्पॅक्टर काढूच नये. छोट्या कॉम्पॅक्टरला एका वेळी ३ ते ४ इंचांचाच थर दाबता येतो, म्हणून ६ इंच दोन थरांत. राहिलेले खळगे क्रशसँडनं भरून वेळ मारून न्यायची सवय पुष्कळ मिस्त्र्यांना आहे. ती पावसाळ्यात नडते. जिथं वाळू जाड तिथं आधी खचतं, आणि ब्लॉकवर पाण्याचं तळं साचतं.

हे सगळं समोरच्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं. पातळ मुरूम त्यानेच टाकलेला असतो, आणि ऑगस्टमध्ये ब्लॉक खचल्यावर मालकाच्या अंगणात उभं राहून "बसवणाऱ्यानं दाबलं नाही" असं तोच सांगतो. मालकाकडून त्याला पूर्ण पैसे बहुतेक आधीच मिळालेले असतात. म्हणून पुरावा झाकण्याआधी घ्यायचा. खोदाई झाल्यावर दोरी ताणून तिच्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत टेप उभी धरायची आणि आकडा वाचता येईल असा फोटो घ्यायचा. मुरूम दाबल्यावर त्याच दोरीपासून पुन्हा टेप, वाळू ओढल्यावर पुन्हा. तीन ठिकाणी तीन असे नऊ फोटो. ते त्याच संध्याकाळी काम देणाऱ्याला आणि बंगल्याच्या मालकाला, दोघांनाही व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. मालकाचा नंबर पहिल्याच दिवशी मागावा. "मालकाशी बोलू नका, माझं काम जाईल" असं उत्तर आलं तर ते काम सोडलेलं बरं. मालकाशी दराबद्दल अवाक्षर काढू नये, ते शिष्टाचाराला धरूनच आहे. पण खोली, उतार आणि मापं त्याला दाखवण्यात कुणाचं काही जात नाही. दहा फुटांना पावणेदोन ते अडीच इंच उतार आणि गच्चीच्या पावळीच्या पाइपचं पाणी ब्लॉकवर न सोडता गटारीला जोडलेलं, या दोन गोष्टी मालकाला समोर उभं करून दाखवाव्यात. पाइपचं पाणी मोकळं सोडलेलं असेल तर तेही फोटोत घ्यावं, कारण सगळ्यात आधी खचतं ते त्याच पाइपाखाली.

पावसाळ्याचा खरा फायदा समोरचा घेतो तो सांध्यांच्या वाळूवर. ब्लॉकमधले २ ते ४ मिलिमीटरचे सांधे कोरड्या बारीक वाळूनंच भरतात. ओली वाळू वरच अडकते, आत पोकळी राहते. जुलैत कोरडी वाळू आणि कोरडे ब्लॉक एकत्र मिळणं कठीण, त्यामुळे हे काम अपुरं राहतंच. आणि "काम पूर्ण नाही" म्हणून सगळेच ७,००० थांबतात. उपाय एकच: सांधे भरण्याचे पैसे आधीच वेगळे काढायचे, समजा चौरस फुटाला दीड-दोन रुपये, आणि लिहायचं की सलग चार-पाच दिवस उघडीप मिळाली की भरून देऊ, बाकीची रक्कम ब्लॉक बसवल्याच्या दिवशी. मापही त्याच दिवशी, मालक हजर असताना. चेंबर आणि झाडाचं आळं वजा करायचं तर त्याभोवतीचं कटिंग रनिंग फुटात धरायचं, हेही त्याच कागदावर. एका महिन्यानं माप घेतलं तर कर्बची रुंदी गळते, कोपरे गळतात आणि ६०० चे ५४० होतात.

पन्हाळा-जोतिबाच्या उतारावरच्या फार्महाउसला माती धरायला डबराची (ओबडधोबड दगडांची) छोटी भिंत सांगतात, तिथं वेगळी काळजी घ्यावी. ३ फूट म्हणून बांधून घेतात आणि नंतर मागं माती ५ फुटांपर्यंत चढवतात. पाणी निघायला भोकं आणि मागं खडीचा थर नसेल तर भिंत पोट काढते, म्हणजे मधून फुगते. भिंतीमागं किती भर टाकणार हे लिहून घ्यावं. ४ फुटांच्या वर इंजिनिअरचं ड्रॉइंग नसेल तर काम घेऊ नये.

एक निराळा फोनही याच दिवसांत येतो: "आर्मीतून बोलतोय, क्वार्टर्ससमोर वाट करायची आहे." कोल्हापुरात प्रादेशिक सेनेची बटालियन असल्यामुळे नाव पटतं. मग ओळखपत्राचा फोटो येतो, लगेच उचल देण्यासाठी म्हणून क्यूआर कोड येतो, आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. लष्करी आवारातलं बांधकाम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडून निविदेनं निघतं, फोनवरून नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर तक्रार करावी.

चेक घेतला असेल तर मुदती डोळ्यासमोर ठेवाव्यात. चेक तारखेपासून ३ महिन्यांत भरायचा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेही उलटले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तर अडचण होते. नुसत्या तोंडी कामाची तक्रार पोलीस ठाण्यात नेली तर "हे दिवाणी आहे" असंच उत्तर बहुधा मिळतं. दिवाणी वसुलीला ३ वर्षांची मुदत आहे. बिलातून एक टक्का टीडीएस कापला म्हणणाऱ्याचा कापलेला पैसा आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर दिसतो का, तेही तपासावं. तो दिसायला काही महिने लागू शकतात, पण त्यानंतरही दिसत नसेल तर त्यानं तो भरलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाठवायचा मजकूर असा चालेल: "अमुक पत्त्यावर ६०० चौ. फूट ब्लॉक बसवणं ३० रुपये दराने. खुदाई, माती उचलणं, कर्ब, कटिंग वेगळं, दर सोबत. मुरूम आणि ब्लॉक तुमचे, जाडी-संख्या उतरवताना मोजून. दाबलेला मुरूम ६ इंच, फोटो पाठवू. माप ब्लॉक संपतील त्या दिवशी मालकांसमोर, बाकी रक्कम त्याच दिवशी. सांधे उघडीप मिळाल्यावर, त्याचे पैसे तेव्हा. मान्य असल्यास 'मान्य' लिहावे." उत्तरात फोन आला तर फोनवर बोलावं, आणि बोलून झाल्यावर पुन्हा त्याच मजकुराखाली उत्तर मागावं. "मान्य" येईपर्यंत टिकाव गाडीत घालू नये.