झिजलेला ठरवून नेलेला 1911 चा रुपया

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडे घरी येऊन जुनी नाणी ‘बघून देणारा’ एक गृहस्थ फिरतो. बोलायला लाघवी, खिशात भिंग, पिशवीत छोटा डिजिटल काटा. माझ्या आत्याला त्याने कसं गंडवलं ते सविस्तर लिहिते आहे. त्याने नाणं बदललं नाही, पैसे बुडवले नाहीत. नाण्याची प्रतवारी तेवढी तोंडाने खाली पाडली.

आजीच्या मागे आत्याकडे लक्ष्मीपूजनातले बंदे रुपये आले. बहुतेक राणीछाप, दर दिवाळीला चिंच लावून घासून गुळगुळीत झालेले. त्यांना चांदीचाच भाव मिळणार, त्यात वाद नाही. पण एक पंचम जॉर्जचा, 1911 चा, आजीने का कोण जाणे कागदात गुंडाळून वेगळा ठेवला होता. त्याला चिंच कधी लागलीच नव्हती. कडेने निळसर-तपकिरी झाक धरलेली आणि राजाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

या सालाची गोष्ट ठाऊक असलेली बरी. राजाच्या झग्यावर जी पदकांची माळ आहे तिच्यातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सरकारने नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली आणि 1912 पासून सोंड नीट काढली. म्हणून 1911 चा रुपया चांगल्या स्थितीत असला की संग्राहक चांदीच्या कितीतरी वर मोजतात. किती वर, ते सगळं ग्रेडवर, म्हणजे नाणं किती झिजलंय त्याच्या प्रतवारीवर.

आणि ग्रेड कोण ठरवणार? तर विकत घेणाराच!

त्याने भिंग आत्याच्या हातात दिलं. “मावशी, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या बारीक रेघा दिसतात? नाणं कधीतरी पॉलिश केलंय. आणि गाल बघा, सपाट झालाय. फार तर एफ ग्रेड.” एफ म्हणजे ‘फाइन’, नाव चांगलं, पण बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याची प्रत. रेघा खरंच दिसत होत्या. माणसाला दाखवलेलं दिसलं की सांगितलेलंही पटतं. मी म्हटलं, “आत्या, थांब जरा, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू.” तर लगेच त्याने आवाज खाली आणला. हे शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, फार ठिकाणी दाखवत फिरू नका, जप्त होतं. ही निव्वळ भीती घालणं होतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने असं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, पण वारशाने आलेलं घरात ठेवायला कुणाची आडकाठी नाही. आत्या एकटी राहते. ‘जप्त’ ऐकल्यावर तिने मान हलवली.

मग त्याने काटा काढला. चांदीच्या भावाने घ्यायचं तर वजन हवंच. काट्यावर आलं 11.64 ग्रॅम, आणि हा आकडा त्यानेच मोठ्याने वाचला. टांकसाळीतून निघताना बंद्या रुपयाचं वजन असतं 11.66 ग्रॅम, त्यात 91.7 टक्के चांदी. गाल सपाट होईपर्यंत हातोहात फिरलेला रुपया यापेक्षा बराच हलका भरतो. म्हणजे त्याचं खोटं त्याच्याच काट्याने आमच्यासमोर उघडं पाडलं होतं. तरी वर ‘घट’ म्हणून त्याने थोडे पैसे कापलेच.

पुढच्याच महिन्यात त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर तोच रुपया दिसला. कडेला सालाच्या अंगाला एक बारीकसा खड्डा आहे, माझ्या फोनमधल्या फोटोतही तो आहे. खाली लिहिलेलं, ‘यूएनसी, ओरिजिनल लस्टर, हात न लागलेलं.’ यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं, लस्टर म्हणजे मूळ चमक. आतेभावाने दुसऱ्या नंबरवरून भाव विचारला. तो आत्याला दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट होता.

डोंबिवलीच्या एका संग्राहकांना फोटो दाखवले तेव्हा रेघांचा उलगडा झाला. नाणं पाडायचा ठसा घासून तयार करताना त्याच्यावर ओरखडे राहतात आणि ते नाण्यावर उठावदार उमटतात. अशा रेघा मोकळ्या जागेत असतात आणि चेहऱ्यापाशी येऊन थांबतात. घासून पडलेल्या रेघा खोल असतात, चेहरा-अक्षरं न बघता आरपार जातात. गालाचंही तसंच. ठसा कमी दाबाने बसला तरी भाग सपाट दिसतो, पण त्यावर चमक असते. झिजलेला भाग मळकट राखाडी पडतो. एकाच बल्बखाली नाणं तिरकं फिरवलं की मूळ चमक सायकलच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. पॉलिशची चमक अशी फिरत नाही. आत्याच्या घरी ट्यूबलाइट आहे, तिच्या पसरट उजेडात हे धड कळतही नाही.

वकिलांकडे गेलो तर त्यांनी आधी पावती मागितली. तीवर एवढंच, ‘जुनी चांदी, 11.64 ग्रॅम.’ साल नाही, राजा नाही, ग्रेड नाही. कागदावर आत्याने नाणं विकलेलंच नाही, चांदीची मोड विकली आहे. फोटोंवरून काही होतं का ते बघतो, म्हणाले, पण फार आशा दाखवली नाही. तुमच्याकडे कुणी आला तर काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि पावतीवर साल, राजाचं नाव आणि तो सांगतोय ती ग्रेड त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.