वाळवीसाठी ड्रिलिंग ट्रीटमेंट: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वाळवीच्या औषधाचा निकाल आठवड्याभरात लागत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. आता पावसाळा उलटलाय. बाथरूमच्या दाराची चौकट आणि तिला लागून असलेलं भिंतीतलं कपाट, दोन्ही वाचलंय. म्हणजे जे खाल्लं गेलं ते गेलंच, पुढे पसरली नाही एवढंच.

पद्धत नेहमीचीच. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण ३० सेंटीमीटरवर १२ मिलीमीटरची भोकं, आत दाबाने औषध, वरून पांढरं सिमेंट. धूळ बेसुमार. भोकं बुजवण्याचं काम गचाळ होतं, लादी पुसतानाच निम्म्या ठिकाणचं सिमेंट निघून आलं. ती मीच पुन्हा भरली.

औषध इमिडाक्लोप्रिड. वास जवळजवळ नाहीच, त्यामुळे घरच्यांचं म्हणणं, नुसतं पाणी मारून गेले! त्यात दुसऱ्या दिवशी चौकटीवरच्या मातीच्या नळीत (वाळवी ये-जा करायला बांधते ती) वाळवी जिवंत. पण हे असंच व्हायला हवं. बायफेन्थ्रिनसारखं औषध वाळवीला हुसकावतं, इमिडाक्लोप्रिडचा तिला पत्ताच लागत नाही. ती औषध मुरलेल्या मातीतून खुशाल ये-जा करते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना ते वस्तीत पसरत जातं. रॉकेल ओतलं तर समोरची तेवढी मरतात, जमिनीखालची राणी अंडी घालतच राहते.

फरक पडतोय का हे पाहायला मी चौकटीवरची मातीची नळी पूर्ण खरवडली नाही, मधूनच बोटभर तोडली. कामकरी वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्यावर ती सुकून मरते, म्हणून वस्तीत दम असेल तर तुटलेला भाग पटकन सांधला जातो. सुरुवातीला सांधला गेलाच. ओल्या मातीचा गडद जोड जुन्या फिक्या नळीवर लांबूनही दिसायचा. पुढच्या खेपेला काम अर्ध्यावरच थांबलं. नंतर ती नळी तशीच पडून राहिली, नखाने दाबली तर भुगा.

सगळं श्रेय मात्र औषधाला देणार नाही. त्याच भिंतीतला पाइप पाझरत होता, तो आधी दुरुस्त करून घेतला. हवा मुळात दमट, त्यात भिंतीला सतत ओल म्हणजे वाळवीला घरपोच पाणी. कपाटाखाली जमिनीवर ठेवलेले पुठ्ठ्याचे खोकेही काढून टाकले.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाली वाळवी आली तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. सकाळी खिडकीत पंखांचा खच, चारही पंख एकाच लांबीचे. पण ती बाहेरून, उजेडाला आलेली होती. भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतून निघाली असती तर लगेच फोन केला असता.

माळ्यावरच्या जुन्या खुर्चीला मात्र या ट्रीटमेंटचा काडीचा उपयोग झाला नाही. तिच्याखाली खसखशीएवढे कंगोरेदार दाणे पडतात. ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिचा मातीशी संबंधच नसतो. तिच्यासाठी लाकडातच औषध भरावं लागतं. पाहणीला आलेल्याने हे आपणहून सांगायला हवं होतं, मी विचारल्यावर सांगितलं.

औषधाला पाचपैकी साडेचार, कामाला तीन. वॉरंटीच्या अटी लेखी घ्या, आणि फरशी उखडली किंवा त्या भागात नवं प्लंबिंग केलं तर तेवढ्या पट्ट्यात पुन्हा औषध टाकून देणार का, हे त्यातच लिहून घ्या. तिथली माती हलली की औषधाचा पट्टा तुटतो.