भूलशास्त्रात पीएच.डी.: नोकरी सांभाळून की पूर्णवेळ?

भूलशास्त्रात एम.डी. करून कळव्यात किंवा नेरूळला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरला पीएच.डी. करायची असेल, तर नोकरी सांभाळून नवी मुंबईतल्या एखाद्या अभिमत विद्यापीठात अर्धवेळ नोंदणी करावी, की नोकरी सोडून पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी पूर्णवेळ जावे, हा पेच पडतो. केवळ बढतीसाठी यातले काहीच करू नये. प्राध्यापकपदासाठी या विषयात एम.डी. हीच मूळ पदवी आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या भुलेत प्रावीण्य हवे असेल, तर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डी.एम. ही एम.डी.नंतरची तीन वर्षांची अतिविशेष पदवी करणे योग्य.

पीएच.डी.च करायची तर निवाडा संशोधनाच्या प्रश्नावरून करावा. सिझेरियनसाठी स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, दिल्यावर आईचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. तेव्हा फिनाइलेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध कसे आणि किती द्यावे, याचे उत्तर ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहातच मिळते. रुग्ण, सहकारी आणि एथिक्स कमिटी हाताशी असल्याने इथे अर्धवेळ पीएच.डी. उजवी ठरते. पण रक्तदाब उतरण्याआधी नाडीच्या लहरीतून त्याची चाहूल लागते का, हे शोधायचे असेल, तर गोष्ट वेगळी. आपण तक्त्यावर दर पाच मिनिटांनी रक्तदाब लिहितो. तेवढ्यात मॉनिटरवरून शेकडो ठोक्यांची लहर सरकून गेलेली असते. ती साठवणे, स्वच्छ करणे आणि तिचे गणित मांडणे हे ड्युटीनंतरच्या उरल्यासुरल्या तासांत जमण्यासारखे नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी रोज इंजिनिअरांच्या सोबत बसावे लागते.

पूर्णवेळ संशोधनाची फेलोशिप भूलतज्ज्ञाच्या कमाईच्या मानाने फारच तोकडी असते, त्यामुळे घराचा हप्ता चालू असेल तर आधी घरच्यांशी बोलावे. अर्धवेळात पगार टिकतो, पण वेळ पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी 3 वर्षे असून, कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचे आहे. गरज पडल्यास त्यासाठी कामातून मोकळे करू, असे नोकरीच्या संस्थेला ना-हरकत पत्रात लिहून द्यावे लागते. विभागात माणसे कमी असतील तर हे आश्वासन कागदावरच राहते, म्हणून ड्युटी कोण सांभाळणार हे विभागप्रमुखांकडून आधीच ठरवून घ्यावे.

गाइड निवडताना त्यांच्या निवृत्तीची तारीखही विचारावी, कारण सेवेची तीन वर्षांहून कमी मुदत उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.