सिलिंडर की पाइपचा गॅस? आधी झरोका बघा

बेळगावात पाइपचा गॅस आल्यापासून शहापूर-वडगावात एकच प्रश्न: सिलिंडर ठेवू की पाइप घेऊ? बहुतेक जण बिलाचा हिशेब मांडतात. मी आधी विचारतो, हवा जायला वाट कुठं आहे?

सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साचतो. म्हणून झरोका जमिनीलगत हवा. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका, वर चढतो. जुन्या घरात पोटमाळ्याखाली अडकतो, तिथं झरोका वरच लागतो. माझ्या मावशीनं मुंग्या येतात म्हणून खालची जाळी फडक्यानं बुजवली होती, घरात सिलिंडर असताना! ते तेलकट फडकं मी स्वतः ओढून काढलं. खानापूरकडं तर पावसाळाभर खिडक्या बंद. तिथं झरोके जास्तच जपायचे.

चिमणी धूर-वाफ ओढते, पण गॅसचा वास आल्यावर तिचं बटण दाबू नका, ठिणगी पुरते. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, बाहेर या, मग १९०६ ला, म्हणजे एलपीजी गळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

सिलिंडरची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची. पाइप घेतला तर शेगडीचे जेट बदलून घ्याच, दोन्ही गॅसना भोक वेगळं लागतं.

स्वतःचं, हवेशीर घर असेल तर मी पाइपच सुचवतो: घरात १४.२ किलोचा साठा राहत नाही. भाड्याच्या खोलीत सिलिंडरच सोयीचा, पण उभा आणि कपाटाबाहेर.