प्रबंधाचं पुस्तक: खिळे जुळवायचे की प्लेट करायची?

पुस्तककलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष बहुतेकांचं एकाच पुस्तकात जातं. मजकूर आपला, छपाई आपली, बांधणीही आपलीच. कागद ठरतो, बांधणी ठरते, आणि मजकूर कशावरून छापायचा इथे गाडी अडते. शिशाचे खिळे (सुट्या अक्षरांचे धातूचे ठसे) हाताने जुळवायचे, की पान संगणकावर लावून त्याची फोटोपॉलिमर प्लेट (प्रकाशाने घट्ट होणारी, उठावदार अक्षरांची प्लास्टिकची पट्टी) करायची? दोन्ही रस्ते माझ्या पायाखालचे आहेत आणि एक मला जास्त आवडतो. कुठला ते कळेलच. तुमचं गणित वेगळं निघू शकतं.

हिशेबासाठी एक पुस्तक डोळ्यांसमोर धरू. मजकुराची २४ पानं, १२ पॉइंटचा रोमन टाइप, ओळ २२ पायकांची (पायका म्हणजे १२ पॉइंट, साधारण इंचाचा सहावा भाग), पानावर साधारण अडीचशे शब्द, प्रती ४०, आणि छपाई व्हँडरकुकसारख्या सिलिंडर प्रूफ-प्रेसवर, म्हणजे सिलिंडरवरचा कागद टाइपावरून फिरवणाऱ्या छापयंत्रावर.

पुस्तक देवनागरीत असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही: प्लेट करा. रोमनची सगळी जुळणी एका कॅलिफोर्निया जॉब केसच्या (खिळे ठेवायच्या घराघरांच्या खणाच्या) ८९ घरांत भागते. देवनागरीला जोडाक्षरं आणि मात्रा धरून काहीशे प्रकारचे खिळे लागतात, आणि ते कित्येक केसमध्ये विभागलेले असतात. पूर्ण संच हाती लागला तरी खिळ्याच्या अंगाबाहेर आलेली मात्रा मोडलेली असते. त्यातून शिरोरेषा! प्रत्येक अक्षराबरोबर तिचा एकेक तुकडा येतो. खिळ्यांच्या कडा जरा झिजल्या किंवा ओळ जरा सैल राहिली की रेषेत पांढऱ्या फटी दिसतात. प्लेटवर ती सलग येते. मात्र ‘द्ध’, ‘ट्ट’ अशा दाट अक्षरांची पोकळी शाईने भरणार नाही इतका मोठा टाइप निवडा.

आता रोमन. अक्षरं, विरामचिन्हं आणि स्पेस (शब्दांमधल्या मोकळ्या जागेचे बुटके तुकडे) धरून एका पानात पंधराशेच्या आसपास तुकडे होतात. शिकणाऱ्याचा हात ताशी चारशे-पाचशेच्या पुढे सहसा जात नाही, म्हणजे पानाला तीन ते चार तास आणि पुस्तकाला ऐंशी-नव्वद. छापून झाल्यावर खिळे परत आपापल्या घरात टाकायला याचा तिसरा हिस्सा तरी वेळ जातो, आणि वेळापत्रकात तो कुणीच धरत नाही. वजनाचा जुना ठोकताळा आहे: जुळलेल्या मजकुराच्या चार चौरस इंचांना एक पौंड. २२ बाय ३६ पायकांचं पान त्या हिशेबाने अडीच किलोच्या घरात जातं. गॅली (जुळलेला मजकूर ठेवायचा ट्रे) उचलताना एक हात खालून हवाच.

वेळेच्या आधी खिळे संपतात. सामायिक स्टुडिओत १२ पॉइंटच्या दोन भरलेल्या केस असल्या तरी त्यातून चार ते सहा पानं उभी राहतात, आणि कुणाची तरी कविता महिनाभर गॅलीवर बांधून ठेवलेली असली तर त्याहून कमी. संपतो तो ‘के’ किंवा ‘वाय’. तोवर तेवढ्याच जाडीचा दुसरा खिळा उलटा, पाय वर करून बसवायचा. प्रूफमध्ये तिथे दोन काळ्या पट्ट्या उमटतात आणि कुठे काय भरायचं ते विसरता येत नाही.

या तुटवड्याचा परिणाम थेट बांधणीपर्यंत जातो. आठ पानांची घडी करायची तर बाहेरच्या फर्म्यात (कागदाच्या एका बाजूला एकदम छापायच्या पानांत) १, ४, ५ आणि ८ ही पानं येतात. म्हणजे आठवं पान नेमकं कुठे संपतं हे पहिला फर्मा छापण्याआधी माहीत हवं, आणि तेवढे खिळे तर नाहीत. मजकुराचा अंदाज आधी बांधता येतो, पण दोन ओळींची चूकही महाग पडते. सुरक्षित वाट चार पानांच्या घडीची. एका बाजूला ४ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. चार पानं जुळवा, दोन्ही बाजू छापा, खिळे सोडा, पुढच्या चारांना लागा. २४ पानांना सहा घड्या आणि बारा फर्मे. प्लेटवर हेच पुस्तक तीन घड्या आणि सहा फर्म्यांत निघतं. शिवताना सहा पातळ घड्यांत दोरा जास्त जातो आणि पाठ फुगते. बारीक दोरा घ्या आणि घड्या आधी दाबात ठेवा.

सगळ्यांत मोठा तोटा असा की पाचवं पान जुळवायला घ्याल तेव्हा पहिली चार पानं छापून वाळलेली असतात. अठराव्या पानावर वाटलं की ओळ दोन पायका लांब हवी होती, तर वाटू द्यावं. संपादन जुळणीच्या आधी संपवावं लागतं. मार्गदर्शक शेवटच्या आठवड्यापर्यंत परिच्छेद हलवत असतील, तर खिळ्यांच्या वाटेला जाऊ नका, हे अगदी मनापासून.

जुळणीत बिघडतं ते बहुतेक ओळ बसवताना. ओळ स्टिकमध्ये (जुळवताना हातात धरायच्या साच्यात) आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे, आणि बोटाने ढकलली तर थोडा विरोध करून सरकली पाहिजे. सैल ओळ गॅलीवर दिसत नाही, प्रेसवर दिसते. विसाव्या-पंचविसाव्या प्रतीनंतर स्पेस हळूहळू वर येतात आणि शब्दांच्या मधे काळे ठोकळे छापू लागतात. ती स्पेस टोचून खाली बसवली की दहा प्रतींनी पुन्हा वर येते. इलाज त्या ओळीतच करायचा: पितळेची एक पॉइंटची किंवा तांब्याची अर्ध्या पॉइंटची पट्टी घालून ओळ भरायची. क्वॉइन (फर्मा चौकटीत घट्ट बसवायची पाचर) जास्त आवळून काम भागवायला गेलात तर फर्मा मधोमध कमानीसारखा उचलला जातो आणि शेजारचे खिळेही वर येतात.

शिशाबद्दल एकदाच सांगतो. जुन्या केसमध्ये पांढरट भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने काढा. केसजवळ खाणंपिणं नाही, आणि उठल्यावर हात साबणाने.

प्लेटचं काम बघायला सोपं आहे. पानं जुळवून निगेटिव्ह फिल्म काढायची, तिची इमल्शनची (प्रतिमेच्या थराची) बाजू प्लेटला चिकटून राहील अशी ठेवायची, अतिनील प्रकाश द्यायचा, ब्रशने पाण्यात धुवायची, वाळवायची आणि पुन्हा प्रकाश द्यायचा. स्टुडिओतच यंत्र असेल तर तास-दीड तासात प्लेट हातात. प्रकाश कमी पडला तर ‘आय’वरचे टिंब आणि पूर्णविराम ब्रशबरोबर वाहून जातात, बारीक रेषा नागमोडी होतात. जास्त झाला तर अक्षरांच्या पोकळ्या उथळ राहतात आणि शाईने भरतात. म्हणून धुतल्यावर भिंगातून आधी टिंबं मोजायची, मग बाकीचं पाहायचं. तयार प्लेट कोरड्या हवेत कडेने वळते, दमट हवेत चिकट होते. हवाबंद पिशवीत सपाट ठेवली की टिकते. शाई पुसायला पाणी वापरायचं नाही. ती पाण्यातच घडलेली आहे.

प्रेसवर पहिला उपद्रव चिकटवण्याचा. बेसवर (प्लेट चिकटवायच्या धातूच्या बैठकीवर) तेलाचं बोट उमटलेलं असेल तर प्लेटचा कोपरा दहाव्या प्रतीला सुटतो; खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढीच चार अक्षरं गडद छापतात. दुसरा शाईच्या रुळांचा. खिळ्यांना चालणारी रुळाची उंची प्लेटला बहुधा किंचित कमी पडते. रूळ प्लेटच्या कडेवरून खाली बुडतो आणि बेसवरही शाई लावतो. एकट्या पानक्रमांकाभोवती तर नेहमीच. गेजवर (रुळाची उंची तपासायच्या मापावर) शाईची पट्टी अरुंद दिसेपर्यंत रूळ वर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी खिळ्यांचं काम करणाऱ्यासाठी ते परत खाली आणायलाही विसरायचं नाही, नाहीतर स्टुडिओत बोलणी बसतात.

एवढ्यावरून पाहिलं तर प्लेट पुढे आहे. तास कमी, फर्मे निम्मे, हवा तो टाइप, आणि सगळं पुस्तक छपाईआधी एकत्र पाहायला मिळतं. कागदात खोल रुतलेला ठसा हवा असेल तरी प्लेटच, कारण तेवढ्या दाबाने खिळ्यांची तोंडं चेपतात आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला बोथट अक्षरं मिळतात. रेषाचित्रांना तर दुसरा पर्याय शोधायचं कारण नाही.

तरीही माझं पारडं फिरलं ते एका कटकटीपायी. प्लेटवर अक्षराचा खरा जाडपणा पहिला छाप निघेपर्यंत कळत नाही, आणि तोवर सगळ्या प्लेटा तयार असतात.

कारण साधं आहे. शिशाच्या काळात १२ पॉइंटचं अक्षर १२ पॉइंटसाठीच कोरलेलं असे. शाई दाबाने बाजूला थोडी पसरणार हे कोरणाऱ्याने धरलेलं असतं. संगणकावरचा टाइप पुष्कळदा एकाच आराखड्यातून सगळ्या आकारांना ताणलेला असतो. काही जुन्या टाइपांच्या नव्या आवृत्त्या इतक्या नाजूक आहेत की हलक्या दाबाने त्या कागदावर करड्या दिसतात. मग शाई वाढवली की ‘ई’ भरतो. दाब वाढवला की मऊ कागदात अक्षर सुजतं आणि मागच्या पानावर उठाव येतो. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. लेझर प्रिंट तर जास्तच फसवते, कारण तिच्यावर तेच अक्षर ठसठशीत दिसतं.

आणि चूक दुरुस्त करायची म्हणजे फाइल, फिल्म, धुणं, वाळवणं, पुन्हा चिकटवणं, पुन्हा जागा जुळवणं. प्लेट बाहेरून करून घेत असाल तर काही दिवस गेले. प्रेसची वेळ मात्र आजचीच होती. भिजवून ठेवलेल्या सुती कागदाला तेवढ्या दिवसांत बुरशी लागू शकते, आणि मिसळलेली शाई पुन्हा तंतोतंत तशी होत नाही. प्लेटमधून एक अक्षर कापून दुसरं डकवता येतं, पण ते ओळीवर सरळ बसलं तर नशीब.

खिळ्यांत हीच दुरुस्ती बघा. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम हवा. क्वॉइन सैल करायची, ओळीची दोन्ही टोकं दाबून ती थोडी उचलायची, खिळा बोटांनी काढायचा (चिमटा घेतलाच तर तो अक्षराच्या तोंडाला लागू द्यायचा नाही), नवा घालायचा, क्वॉइन आवळायची. दहा मिनिटं. शिवाय जुळवताना, प्रूफ वाचताना आणि दुरुस्ती करताना प्रत्येक शब्द तीनदा हाताखालून जातो. माझ्या अनुभवात छापलेल्या पुस्तकात राहिलेल्या चुका खिळ्यांत कमी निघतात. मोजून नाही सांगत, पण फरक जाणवण्याइतका आहे.

प्लेटच करणार असाल तर ही कटकट निम्मी करता येते. सगळ्या पानांआधी एकच छोटी चाचणी-प्लेट करा. तोच परिच्छेद चार वेळा, दर वेळी अक्षराला थोडी जास्त जाड कड देऊन, आणि शेवटी एकदा अर्धा पॉइंट मोठा. पुस्तकाच्याच कागदावर, पुस्तकाच्याच शाईने छापा, आणि वाळल्यावर दुसऱ्या दिवशी ठरवा. या एका प्लेटला कंटाळून पुढे पंचवीस प्लेटा फेकणारे बरेच आहेत.

दोन्ही मिसळूनही चालतं. मजकूर खिळ्यांत, चित्रं प्लेटवर. एकाच फर्म्यात घालू नका; रुळांची उंची दोघांना एकत्र जमत नाही. चित्रं वेगळ्या फेरीत छापा, म्हणजे रंगही वेगळा घेता येतो. मजकूर बारा-सोळा पानांचा आणि पक्का झालेला असेल, तर मी खिळेच घेईन. चोवीस पानांवर थोडा विचार करीन आणि बहुधा तरीही खिळेच घेईन. चाळीसच्या पुढे प्लेट.

खिळे घ्यायचे ठरवण्याआधी केस मात्र तपासा. ‘एन’च्या घरातून पंचवीस खिळे काढून स्टिकमध्ये एका बाजूला तोंड करून ओळीने लावा. प्रत्येकाच्या अंगावरची खाच एका रेषेत आली पाहिजे. ज्याची खाच वर-खाली आहे तो दुसऱ्याच टाइपातून आलेला आहे. खाच बरोबर, पण अक्षर ‘यू’ आहे, तर तो कुणीतरी घाईत चुकीच्या घरात टाकलेला आहे. पंचवीसात असे दोन निघाले तर केस चालेल, जुळवताना डोळा ठेवा. पाच-सहा निघाले तर ती केस साफ करण्यातच तुमचं अर्धं सत्र जाईल. फिल्म काढायला द्या.