टायटल सर्च रिपोर्ट: नाशिकमधील एका वकिली सेवेचा अनुभव

आडगाव शिवारातील एक बिनशेती प्लॉट घेण्याचे ठरल्यावर आम्ही जुन्या सीबीएसजवळच्या एका वकील मॅडमकडून त्याच्या मालकी हक्काचा तपास, म्हणजे सगळे ज्याला टायटल सर्च म्हणतात तो, करून घेतला. वकिलांना जाहिरातीची मनाई असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. शुल्क 12,000 रुपये ठरले. शोध शुल्काच्या पावत्या आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीचा खर्च वेगळा होता. प्लॉटच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, तरीही दलालाने मोबाईलवर दाखवलेल्या उताऱ्यावर विसार देऊन मोकळे होणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

आमच्या दलालाचेही म्हणणे तेच होते: "साहेब, सातबारा कोरा आहे, वकिलाला कशाला पैसे घालता?" कोरा म्हणजे 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार त्यावरील नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि मालकी तर त्या नोंदीने जन्माला येत नाही, ती खरेदीखत, वारसा, वाटप, बक्षीस किंवा मृत्युपत्र यांतून येते. 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमीनजुमल्याची विक्री नोंदणीकृत खतानेच होऊ शकते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 54 सांगते. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि जनरल मुखत्यारपत्र हाती देऊन 'प्लॉट तुमचा झाला' असे सांगण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच नकार दिला आहे. मॅडमनी पहिल्याच भेटीत हे सर्व सांगितले आणि उताऱ्याऐवजी त्यावर क्रमांक लिहिलेले जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, मागवले.

या सेवेचे खरे मोल त्या फेरफारांत दिसले. मूळ गटाचे मालक 1991 मध्ये वारले, त्यानंतरच्या वारस नोंदीवर दोनच मुलांची नावे चढली होती. हस्ताक्षर गिचमिड, शाई फिकी झालेली, आणि खाली एका ओळीत लिहिलेले: मयताच्या मुलीने हक्क नको असल्याचा जबाब दिला. पुढे अंगठा. मॅडमनी त्या ओळीभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे, एवढेच विचारले. ते कुठेच नव्हते. मुलींच्या हक्काचा विषय निघाला की लोक हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीकडे बोट दाखवतात. परंतु ती दुरुस्ती, किंवा आपल्या राज्याने 1994 मध्येच केलेली दुरुस्ती, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून सहदायिक, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरवते. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मृत्युपत्र नसल्यास मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे, हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमापासूनच ठरलेले आहे. तेव्हा भावांनी पुढे लेआउट पाडून प्लॉट विकले तरी बहिणीचा हिस्सा तलाठ्यापुढच्या जबाबाने गेलेला नव्हता. इतकी वर्षे भावांचाच कब्जा होता, हेही उत्तर होत नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने समजला जातो.

अहवालात केवळ दोष दाखवून मॅडम थांबल्या नाहीत. त्या बहिणीला आमच्या खरेदीखतात 'संमती देणार' म्हणून घ्यावे आणि तिची सही दुय्यम निबंधकांसमोर व्हावी, असा उपाय त्यांनी लिहून दिला. विक्रेता आधी चिडला, मग गावी जाऊन बोलणी करून आला, आणि बहिणीने काही रक्कम घेऊन सही केली. ती रक्कम कोणी द्यायची यावर झालेला वाद मात्र वकिलांच्या शुल्कात बसत नव्हता.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवाल मुदतीपेक्षा बराच उशिरा मिळाला आणि मधल्या काळात विक्रेत्याचे फोन आम्हालाच झेलावे लागले. भाषा अशी की 'सदरहू मिळकत निर्वेध व बोजारहित' यापलीकडचे वाचायला पुन्हा मॅडमकडेच बसावे लागते. एक पानभर साधा सारांश जोडला असता तर बरे झाले असते. विकास आराखड्यातील रस्ता किंवा आरक्षण पाहण्यासाठी लागणारा झोन दाखला या शुल्कात नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. शिवाय हा तपास कागदाचा असतो. प्लॉट जागेवर उताऱ्याइतका भरतो का, शेजाऱ्याचे कुंपण आत आले आहे का, यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि तो खरेदीखतापूर्वीच केलेला बरा.

प्लॉट, शेतजमीन किंवा जुना बंगला घेणाऱ्यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. शेतजमिनीच्या बाबतीत तर जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (विक्रीवर निर्बंध असलेली) आहे का, कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरची कुळकायद्याच्या कलम 43 ची अट शिल्लक आहे का आणि घेणारा स्वतः शेतकरी आहे का, हे तिन्ही प्रश्न आधी सुटले पाहिजेत. नव्या इमारतीतील फ्लॅट घेणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे: प्रकल्प महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर जमिनीच्या हक्काचा अहवाल संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, आणि किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरने नोंदणीकृत करारापूर्वी मागितली तर ती द्यायची नसते. त्यांनी तोच अहवाल छापून तासाभराच्या सल्ल्यासाठी नेला तरी पुरेल. मागच्या 30 वर्षांच्या नोंदींचा असा पूर्ण शोध घेण्यासाठी पैसे घालण्याची गरज मला दिसत नाही.